डांगर घेऊन दारोदार

निघताना मी "येते" म्हणाले होते. "जाते" म्हणायची आपल्यात रीतच नाही, पण मी रीत म्हणून नव्हे, खरंच परत येणार म्हणून तसं म्हणाले होते. माझ्या लेकाने, संतोषने, गाडी अंगणात लावली होती. मागे माझी एक पिशवी आणि तांदळाचं पोतं. माझी धाकटी जाऊ हिरा कांद्याच्या वावरातून मातीच्या हातांनी तशीच धावत आली. "आक्का, चार म्हैनं ऱ्हा, नातींचं कौतुक कर आन ये माघारी," म्हणाली. आमचे हे जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. चाकणच्या चौकात ट्रकांच्या रांगेत गाडी अडकली, तेव्हा मनात आलं, अजूनही उतरून चालत घरी जाता येईल. उतरले मात्र नाही.

हिरा, गावात राहिलेल्या तुम्ही सगळ्या, आणि माझ्यासारख्या लेकरांच्या मागे पिंपरी-चिंचवडात येऊन पडलेल्या बायांनो, हे तुमच्यासाठी लिहितेय. माझं काही अमेरिकेला जाणं नव्हे. चाकणच्या पलीकडून पिंपळे गुरव, रस्ता मोकळा असला तर तासाभराचा. एवढ्याशा अंतराचं काय कौतुक सांगायचं, असं माझं मलाच वाटतं. पण चार महिन्यांची दोन वर्षं झाली आणि माझ्या जिवाला काही थारा नाही. गावाकडे दुपारी पाठ टेकायला सवड नसायची. इथे सवडच सवड, पण पाठ टेकवत नाही. गॅलरीतून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून गॅलरीत. सून म्हणते, "आई, बसा ना जरा." बसते, पण एसटी स्टँडवर बसावं तशी. माझी आई म्हणायची, "जिथं टाकतील तिथं उगवावं, कुरकुर करू न्हाई." आईचं बरं होतं, तिला कुणी सातव्या मजल्यावर टाकलं नाही.

दिवाळीच्या तोंडावर हिराने पुतण्याच्या हाती एक डांगर पाठवलं. इथे त्याला लाल भोपळा म्हणतात आणि फोडी करून विकतात. हे अख्खं होतं, चांगलं घागरीएवढं. सोबत निरोप होता. कंपनीतलं एक जोडपं भाड्याने जागा बघतंय, तुझ्या दोन खोल्या बंदच आहेत, देऊ का? दिवाळीच्या आत सांग. डांगर मी ओट्याखाली ठेवलं. निरोपाचं काय करावं ते कळेना. खोल्या दिल्या तर मी माघारी जायचं कुठे? न द्याव्यात, तर बंद घराला वाळवी लागते, हे काय मला ठाऊक नाही? आठ दिवस हिराचा फोन आला की मी हवापाण्याचं बोलत राहिले.

तेवढ्यात सोसायटीच्या ग्रुपवर हॅलोविनचा मेसेज आला. मुलांनी भुतांचे कपडे घालून संध्याकाळी सातला घरोघर फिरायचं आणि खाऊ गोळा करायचा. मी कपाळावर हात मारला. आपण तिन्हीसांजेला पोरांना घरात घेतो, तीट लावतो, दृष्ट काढतो. इथे आया स्वतःच्या हाताने पोरांची भुतं करून बाहेर सोडतात! पण माझ्या नाती, नऊ वर्षांची रेवा आणि सहा वर्षांची ओवी, असल्या गोष्टीत आजीला सोडतात होय? सून म्हणाली, "आई, मला आणि ह्यांना सुट्टी नाही, तुम्हीच बघा." मग आम्ही तिघी भुतांच्या कामाला लागलो. पांढऱ्या रुमालात कापूस भरून दोऱ्याने माना आवळल्या, स्केचपेनने डोळे काढले आणि ती बाहुली-भुतं गॅलरीत कपडे वाळायच्या दोरीला टांगली. काळ्या कागदाची टोकदार टोपी झाली. ओवीला चेटकीण व्हायचं होतं, म्हणून तिने केरसुणी उचलली आणि तिच्यावर घोड्यासारखी टांग टाकली. मी अशी ओरडले की पोरगी जागीच थिजली. "अगं, लक्ष्मी आहे ती! आठ दिवसांनी पूजा करायची आहे तिची!" शेवटी पुसायच्या मॉपवर तडजोड झाली. मॉपला काय, कुणी पूजत नाही.

आता उरलं डांगर. रेवाने मोबाइलमध्ये दाखवलं, आतून पोखरायचं, डोळे आणि दात कापायचे आणि आत दिवा लावायचा. गर निघेल त्याचे घारगे करू, असं मी ठरवलं. गूळ काढला, कणीक मळायला परात घेतली. रेवाने सुरी उचलली आणि मी ती तिच्या हातातून हिसकावूनच घेतली.

"बाईमाणसाने अख्खं डांगर फोडायचं नसतं. बाबा येऊ दे. त्याने पहिला घाव घातला की मग आपण."

"का पण?"

का म्हणजे काय सांगायचं? आपल्याकडे जे सांगतात तेच सांगितलं. डांगर म्हणजे घरातल्या थोरल्या लेकासारखं, बाईने त्याच्यावर घाव घालू नये. रेवाने डोळे मोठे केले. "थोरला म्हणजे बाबा?"

मला एकच लेक. थोरला तोच, धाकटाही तोच. पोरीने हात पाठीमागे नेले आणि ती डांगरापासून चांगली दोन हात लांब सरकली. मला माझाच राग आला. माझं भय मी त्या लेकराच्या हातात दिलं होतं, आणि खोटं कशाला बोलू, ते भय माझ्यातून गेलंही नव्हतं. संतोषला फोन लावला. तो हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेला. "आई, गाडी हलतच नाहीये. तूच काप गं, काही होत नाही." तो रस्त्यावर, चहूबाजूंनी गाड्या, आणि मी इकडे डांगरावर सुरी चालवू? माझ्याने झालं नसतं.

सहा वाजत आले होते. ओवी रडकुंडीला आली. गावात असते तर परसातून नुसती हाक मारली असती, कुणी ना कुणी गडीमाणूस आलाच असता. इथे कुणाला हाक मारणार? मी डांगर कमरेवर घेतलं, दोघी पोरींना पुढे घातलं आणि निघाले. पोरींच्या आधी आजीच दारोदार फिरायला लागली म्हणायची.

पहिल्या दारात एक बाई आल्या. माझ्याकडे पाहिलं, डांगराकडे पाहिलं. "नहीं चाहिए आंटी, हम ऑनलाइन मँगवाते हैं." दार बंद. रेवा लाजून लाल झाली आणि मला हसू आवरेना, पण आतून लागलंही. दोन वर्षं एका मजल्यावर राहून मी भाजीवाली! पुढच्या दाराला कुलूप होतं. तिसरं दार एका तरण्या माणसाने उघडलं. डोळ्यांवर झोप, केस विस्कटलेले. रात्रपाळीचा असणार. मी काय आणि कसं सांगावं म्हणून घोटाळले, तोच तो म्हणाला, "अख्खंच हाय व्हय मावशी? आना इकडं."

काही समजावून सांगावं लागलं नाही. तो उंबऱ्यात मांडी घालून बसला, डांगराला हात लावून नमस्कार केला आणि एका दमात सुरी आरपार घातली. "माझी माय तर यापायी मला शाळंतून बोलवून घ्यायची," म्हणाला. लातूरकडचा होता. बायको-पोरं अजून तिकडेच. "नवा आलो तवा चाकणच्या बाजूला एका गावात भाड्याच्या खोलीत होतो. मालक सारखे बाहीर, मंग डांगर फोडायला मालकीनबाईची मलाच हाक. तेवढ्यानं बी बरं वाटायचं बघा. वाटायचं, कुनाच्या तरी घरात आपली गरज हाय."

मी त्याला घारगे खायला बोलावलं, पण तासाभरात खाली कंपनीची बस यायची होती आणि त्याला आवरायचं होतं. मग घाईघाईने तळलेले चार घारगे रेवा कागदात बांधून त्याला लिफ्टपाशी देऊन आली. घारग्यांना ओवीने बोटाने डोळे-तोंड पाडले होते. तळताना ते फुगून वेडेवाकडे झाले, म्हणजे भुतं अगदी साजेशी झाली. रेवाने मात्र सुरी पुन्हा हातात घेतली आणि डांगराचे दात स्वतः कापले. आत दिवाळीची पणती ठेवली. संतोष आला तेव्हा दारात ते दात विचकत बसलं होतं. त्याला धडधाकट बघून मी जरा जोरातच त्याच्यावर खेकसले, एवढा उशीर का म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिराला फोन लावला. "देऊन टाक खोल्या," म्हणाले. "नवीन माणसं आहेत, त्यांना हाक मारत जा. कामाला लावत जा."

हिरालाही वाटलं असेल, आक्का आता येत नाही. ती म्हणाली, "बरं. पर दिवाळीला ये चार दिस. माझ्याकडं ऱ्हा, पाव्हणी म्हून का व्हईना."

ती मायेनेच म्हणाली, आणि खोल्या मीच देऊन बसले होते. जाईनही मी, चार दिवस राहीन, पाचव्या दिवशी मला नातींची ओढ लागेल. पण फोन ठेवल्यावर हातातलं काम सुचेना. नवरी होऊन त्या घरात पहिलं पाऊल टाकलं, तेव्हाही मला कुणी पाहुणी म्हटलं नव्हतं.