दोन सर्व्हर आणि एक खंडेनवमी

दूध कुणासाठी थांबत नाही, हे आमच्या दूधसंघाचे अध्यक्ष नाना इतक्या वेळा ऐकवायचे की मी तोंड फिरवून हसायचे. गावोगावच्या केंद्रांवर दूध मोजलं की नोंद जळगावच्या सर्व्हरवर व्हायची, मगच पावती निघायची. जळगावला आग लागली, पाणी शिरलं तर? म्हणून मी हट्टाने धुळ्याला दुसरी सर्व्हर-खोली उभी केली. जळगावची प्रत्येक नोंद लगेच धुळ्यातही उतरायची. दोघांचा संपर्क तुटला तर कारभार कुणी चालवायचा, याचा कौल द्यायला साक्रीत तिसरं छोटं मशीन ठेवलं.

हे खरंच चालतं का, ते बघायचं तेवढं राहिलं होतं. त्यासाठी जळगाव मुद्दाम बंद करायला हवं, आणि नाना म्हणायचे, "चालत्या दुधावर प्रयोग नको." वर पुन्हा, "धुळ्याची खोली नुसती वीज खाते. दसरा झाला की बैठकीत विषय घेतो, बंदच करून टाकू." त्या खोलीसाठी मी जिवाचं रान केलं होतं. मला रडू यायचं आणि त्याहून जास्त राग यायचा.

खंडेनवमीच्या सकाळी जळगावच्या खोलीत शिरले तर पंख्यांची घरघर नाही. सर्व्हर झेंडूच्या हारात गप्प उभा. पॅकिंग विभागातून नुकत्याच इथे आलेल्या अक्का निरांजन लावत होत्या.

"आज आयुधांना विश्रांती असते," त्या मला समजावू लागल्या. "आमच्याकडे मशीन थांबवूनच पूजा. सगळं नीट बंद केलंय हं."

तेवढ्यात पेढ्यांचा पुडा घेऊन नाना दारात. "दूध?" एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

मी धरणगावच्या केंद्राला फोन लावला. पावत्या निघतायत का, विचारलं. तिकडचा माणूस वैतागला, "बठ्ठं बरोबर शे. रांग लागेल शे, फोन ठेवा."

म्हणजे सगळं सुरळीत! धुळ्याने कारभार उचलला होता आणि कुणाला पत्ताही नव्हता! मी नानांसमोर चक्क उडी मारली. खाली येता येता डोक्यात लख्ख प्रकाश पडला. खंडेनवमी धुळ्यातही होती. आग, पाणी, तुटलेली केबल, सगळ्याचा विचार मी केला होता. दोन्हीकडे एकाच दिवशी येणारा सण मात्र सुटला होता. धुळ्याची खोली सांभाळणारे भाऊही अक्कांसारखेच, दूध थंड करायच्या मशिनांवर मुरलेले. मी घाईने त्यांना फोन लावला.

"आते बंद करस, ताई," भाऊ फोनवर म्हणाले. "हार बी तयार शे."

"हात लावू नका!"

"मंग पूजा कशी करू?"

नानांनी फोन माझ्या हातून ओढला. "भाऊ, मशीन चालू राहू द्या. पूजेला मीच येतो."

अक्कांनी जळगाव पुन्हा सुरू केलं आणि आम्ही धुळ्याला निघालो. तिथे नानांनी चालत्या सर्व्हरला स्वतःच्या हाताने हार घातला. कुंकू लावायला मात्र ते मागच्या बाजूने गेले. पंख्याच्या झोताने अर्धं कुंकू त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर उडालं. भाऊंनी हसू दाबलं, मला ते जमलं नाही.

सदरा झटकत नानांनी विचारलं, "पुढच्या खंडेनवमीला आधी कुणाला निजवायचं, ताई? जळगावला की धुळ्याला?"

खोली राहणार होती. मी अख्खा पेढा तोंडात कोंबला.