मंजुषाताईंचा वाफा

शेतकऱ्याच्या लेकीनं पाणी जमिनीत मुरावं म्हणून धडपडावं, तर करमाडच्या मंजुषाताई पाणी मुरू नये म्हणून धडपडतात. नोकरीच तशी. कचरा डेपोवर खड्ड्यात कचरा पुरला की त्यातून काळं पाणी पाझरतं. ते आसपासच्या विहिरींत उतरू नये म्हणून खड्ड्याच्या तळाला मातीचा थर ठोकून बसवावा लागतो. "मी जलमभर जमीन भुसभुशीत केली, अन् ही तिचा दगड करती," असं वडील नानासाहेब पाहुण्यांना सांगतात. कौतुकानंच.

आपली काळी माती जावयासारखी लहरी. भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. बाहेरून माती मागवू, असं डेपोचे साहेब म्हणत होते. ताईंचा हट्ट इथल्याच मातीचा. तिच्यात त्यांनी खडी क्रशरची बारीक कच आणि थोडं बेंटोनाइट, म्हणजे पाणी अडवणारी चिकणमाती, मिसळलं, डेपोच्या कडेला एक वाफा ठोकून तयार केला आणि तो वाळू नये म्हणून वर ओली पोती अंथरली. वाफ्यात पाणी टिकलं तर माती पास, नाहीतर हट्ट संपला.

सोमवारी सकाळी येऊन बघतात तर पोती घडी घालून बाजूला, वाफ्यावर मेंढरं निवांत रवंथ करतायत, आणि त्यांचे मालक सोनाजी बांधावर बिडी ओढतायत.

"सोनाजीमामा, हे काय केलंत?"

"वावर लई झ्याक केलंय ताई तुमी. म्हणलं रातभर मेंढरं बसवू, लेंड्यांचं खत व्हईल. पायलीभर जवारी द्या, बास."

"मामा, इथं पीक नाय घ्यायचं. कचरा पुरायचाय."

"कचऱ्यासाठी एवढी मशागत?"

ताईंना रडू येता येता हसूच आलं. खुरांनी उकरलेला, लेंड्या मिसळलेला वरचा थर खरवडून त्यांनी नव्यानं बसवला. सोनाजी खजील झाले, पण ज्वारी बुडाली म्हणून रुसले नाहीत. काठी घेऊन राखणीलाच बसले, पोती भिजवत राहिले. एक शेळी चुकून फिरकली तर तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

मग वाफ्यात पाणी भरलं. साहेब रोज पट्टी लावून पातळी बघायचे. उन्हानं उडालं तेवढंच पाणी गेलं, खाली काही उतरलं नाही. शेवटी साहेब म्हणाले, "ठीक आहे मॅडम, इथलीच माती वापरू."

साहेबांची गाडी वळायचा अवकाश, सोनाजी पुढं झाले. "ताई, आता हे पाणी मेंढरांना पाजू का? ऊन लई हाय."

"पाजा मामा, पोटभर पाजा."

मेंढरं वाफ्यात घुसली. ताईंनी त्यांच्या खुरांकडं पाहिलंसुद्धा नाही. सावलीत बसून डबा उघडला.