नऊ मुलांचं पाळणाघर

कुंदाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी घोडबंदर रोडवर गाडीत अडकून पडले होते. फोन रेखाचा होता. रेखा आमच्या विद्यापीठात ठेकेदाराकडून लागलेली सफाई कामगार. "मॅडम, ताई गेल्या हो... सकाळी चहा ठेवायला उठलेल्या, तिथंच खाली बसल्या त्या बसल्याच," एवढं बोलून ती रडायला लागली. मीही रडले. पण त्याच्या आधी, क्षणभरच, मला सुटल्यासारखं वाटलं. आता या बाईच्या नजरेला नजर द्यावी लागणार नाही, असं वाटलं. या गोष्टीला पाच आठवडे झाले. श्रद्धांजलीच्या चार गोड ओळी लिहायला मी तीनदा बसले आणि तिन्ही वेळा तो क्षण आडवा आला, म्हणून आता जे झालं तेच लिहिते.

कुंदाताई कोपरीच्या. शीळफाट्याजवळ आमच्या विद्यापीठाच्या आवारात कर्मचाऱ्यांसाठी पाळणाघर निघालं तेव्हापासून ते त्याच सांभाळत होत्या. पाळणाघर फक्त कायम कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी, असा नियम. तो त्यांनी मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावला होता आणि त्याच भिंतीखाली नियमात न बसणारी पोरं ओळीनं झोपवलेली असायची. मी त्यांना पहिल्यांदा भेटले तेव्हा मुक्ता दहा महिन्यांची होती. डोंबिवलीत भाड्याचं घर, नवरा फिरतीवर, आई अंथरुणाला खिळलेली, आणि मी तासिका तत्त्वावर शिकवणारी, म्हणजे घेतले तेवढ्याच तासांपुरती विद्यापीठाची. लेकीला कडेवर घेऊन दारात उभी राहिले आणि घाबरत विचारलं, "मी कायम नाहीये, चालेल का?" त्यांनी तोवर मुक्ताला माझ्याकडून घेतलंसुद्धा होतं. "तास कितीचा तुझा? मग इथं काय उभी राहिलीस, पळ!"

मुक्ता तिथं तीन वर्षं होती आणि हजेरीपटात एक दिवसही नव्हती. तिच्यासारखी बरीच होती. सफाईवाल्या बायकांची, कँटीनमधल्या मुलीची, रखवालदाराची. पटावरच्या मुलांच्या पिशव्यांवर नावं असत; या मुलांच्या पिशव्यांना ताई नुसतीच चिंधी बांधत, प्रत्येकाची वेगळी. मुक्ताची पिवळी होती. तपासणी येणार असं कळलं की चिंधीच्या पिशव्या पोत्यात जायच्या आणि ती मुलं मदतनीस मावशीबरोबर आवाराच्या टोकाला, माळ्याच्या खोलीत. साहेब पटावरची मुलं मोजायचे, चहा घ्यायचे, जायचे. इतक्या वर्षांत हे काम इतकं सफाईनं व्हायला लागलं होतं की मुलांनाही तो खेळच वाटायचा.

पुढे मी कायम झाले, घोडबंदरला घर झालं, मुक्ता कॉलेजात गेली. पाळणाघरावरून जाताना मी हात करायची, आत मात्र जायची नाही. वेळ नसतो, असं मी स्वतःला सांगत असे.

गेल्या वर्षी पाळणाघर बंद करायचा प्रस्ताव आला. उपयोग कमी, जागा उत्तरपत्रिका ठेवायला हवी. पाहणी समिती नेमली आणि समितीत एक महिला प्राध्यापक हवी म्हणून मला घेतलं. आम्ही पाहणीला गेलो त्या दिवशी ताईंनी आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक केली. साहेब मोजायला येणार म्हटल्यावर त्यांचे हात सवयीनं चालले. एरवी मुलं लपवली म्हणून पाळणाघर वाचायचं, आता मुलं दिसली तरच ते वाचणार होतं, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. आम्ही मोजली, नऊ भरली. लांबून कुठूनतरी तान्हं मूल रडल्याचा आवाज आला. अध्यक्षांनी विचारलं, "कोण रडतंय?" ताई म्हणाल्या, "माळ्याची नात असेल." मी जमिनीकडे बघत राहिले. मला ती खोली माहीत होती.

ताईंना चूक कळली ती अहवाल फिरायला लागल्यावर. मग त्यांनी कंबर कसली. अर्ज केले, सह्या मागितल्या, पण चिंधीवाल्या मुलांच्या आया सही कशी करणार? ठेकेदारानं दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं. शेवटी समितीपुढे त्या एकट्याच आल्या. इस्त्रीची साडी, हातात कागद. "साहेब, नऊ नाहीत, तेवीस आहेत. पटावर नाहीत ती मी लपवली. माझ्यावर काय ती कारवाई करा, पण मुलांना घालवू नका." अध्यक्ष म्हणाले, "पुरावा?" ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मागितलं काहीच नाही, नुसतं पाहिलं. माझी बढतीची फाईल त्याच आठवड्यात वर गेली होती. माझी स्वतःची मुलगी नियम मोडून तिथं वाढली, हे चारचौघांत सांगायची मला लाज वाटली. मी म्हटलं, "नोंदीप्रमाणे तरी नऊच दिसतात, सर."

बाहेर आल्यावर त्या व्हरांड्यात थांबल्या होत्या. मला वाटलं, आता बोलतील, चार शब्द सुनावतील. त्यांनी पिशवीतून बाटली काढली. "पाणी पी, वैशाली. घसा सुकलाय बघ तुझा." मी प्यायलेसुद्धा. त्यानंतर मी दुसऱ्या जिन्यानं जायला लागले.

तेराव्यानंतर मी पाळणाघरात गेले. अजून ते चालू आहे. अंतिम बैठक व्हायची आहे. दुपारची वेळ होती. मुलं झोपवायला रेखा बसली होती, दोन्ही हातांनी दोन पोरांना थोपटत आणि तिसऱ्याचा पाळणा पायानं हलवत. ताई अगदी अशाच बसायच्या. मी विचारलं, "तुझी ड्युटी?" "काढलं ना मला ठेकेदारानं. माझ्या आरोहीचं नाव पटावर घातलं मी, सही केली, त्याला कळलं." तिनं हे ज्या सहजपणे सांगितलं, त्यानं मला तोंड लपवावंसं वाटलं. तिचं पाहून आणखी सहाजणींनी नावं घातली होती. जुन्या मुलांची यादीही पटाच्याच मागच्या पानांवर करून बैठकीपुढे ठेवायची होती.

"मुक्ताचं लिहू का मॅडम?" तिनं खाली बघतच विचारलं. "नको असेल तर राहू द्या."

"लिही," मी म्हटलं.

"मग तुम्हीच लिहा. माझे हात गुंतलेत. सोडलं तर उठतील."

मी पट पुढे ओढला. मुलीचं पूर्ण नाव लिहिलं. पालकाचा हुद्दा: अध्यापक, तासिका तत्त्वावर. नियमात बसते का: नाही. खाली सही केली, स्वच्छ, वाचता येईल अशी. शेवटच्या रकान्यात तारीख हवी होती. मुक्ता पहिल्यांदा इथं आली ती तारीख मी आठवून पाहिली, आणि मग सही करत होते त्या दिवशीचीच घातली.