पडद्यामागची खुर्ची

चांद्याहून सिनेमाची गाडी येणार असं ठरल्यावर गावाने मला व्यवस्थेला लावलं. मुलींच्या शाळेची मी मास्तरीण, खुर्च्या शाळेच्या, आणि दिसेल त्याला काम नेमून देण्याची मला खोड. त्यामुळे माझी निवड बिनविरोध झाली. सिनेमा अमेरिकेचा होता. विषय स्वातंत्र्य, समान हक्क आणि राज्यकारभारातली सचोटी. गडचिरोलीकडच्या आमच्या गावात या तिन्ही मालांचा तुटवडा असल्याचं वरच्या कचेरीत कोणाच्या तरी कानावर गेलं असावं.

पडदा दोन मोहाच्या झाडांमध्ये बांधला. समोर पंचांच्या खुर्च्या, त्यांच्यामागे गाव. पडद्याच्या पलीकडे महारपुरा. ही आमची जुनी सोय. कापड पातळ, चित्र दोन्हीकडून दिसतं, मग तक्रार कसली? पण त्या वर्षी महारपुऱ्यातले एकजण निवडून येऊन पंच झाले होते, आणि पंच म्हटला की खुर्ची आली. सरपंचांनी ती दिली. मी समोर मांडलेली खुर्ची त्यांच्या गड्याने उचलली आणि पडद्यामागे नेऊन ठेवली. वरून पुसलीसुद्धा.

पंचांनी ती पाहिली. बसले नाहीत. वळसा घालून समोर आले.

"माही खुर्ची इथी पायजे."

"अबे, खुर्ची देल्ली ना तुले?" सरपंच म्हणाले. "मंग काऊन कुरकुर करून राह्यला?"

"देल्ली जी. पन मी निवडून समोरून आलो, मांगच्या दारानं नाई."

दोघेतिघे हसले. सरपंचांनी मशीनवाल्याला हात केला आणि सिनेमा सुरू झाला. पंच परत जाऊन खुर्चीशेजारी उभे राहिले.

पडद्यावर एक अमेरिकन शेतकरी भरसभेत नगराध्यक्षाला जाब विचारत होता. नगराध्यक्षाने मित्राला रस्त्याचं काम दिलं होतं. त्याने ते कबूल केलं आणि राजीनामा दिला. सर्वांत जोरात टाळ्या आमच्या सरपंचांनी वाजवल्या. त्यांच्या मेहुण्याला नुकतंच विहिरीचं काम मिळालं होतं.

पहिलं रीळ संपलं. दुसरं चढेपर्यंत गाडीबरोबर आलेल्या तरुण अमेरिकन पाहुण्याला प्रश्न विचारा, असं गाडीवरच्या सरकारी प्रचार अधिकाऱ्यांनी जाहीर केलं. पहिल्या रांगेने भाताच्या बियाण्याची चौकशी केली. मग पडद्यामागून पंचांचा आवाज आला.

"तुमच्याइकडं काळे लोक हायेत म्हंते. ते सिनेमाले कुठी बसते?"

पाहुणा लाल झाला. बराच वेळ बोलला. अधिकाऱ्यांनी भाषांतर केलं, "साहेब म्हणतात, त्यांच्याकडे सगळे एकाच छपराखाली बसतात."

"बाई," पंचांनी मला हाक मारली, "तुमाले इंग्रजी येते. साहेब एवढंच बोलला?"

"नाही," मी म्हणाले. "त्यांच्या गावी काळ्यांना वरच्या माळ्यावर वेगळं बसवतात. मत द्यायला गेले तर हाकलून देतात. याची त्यांना लाज वाटते."

अधिकाऱ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी अमेरिकेशी युद्धच पुकारलं होतं.

"म्हंजे हा मानूस सच्चा आहे," पंच म्हणाले. त्यांनी खुर्ची उचलली, समोर आणली, सरपंचांच्या शेजारी टेकवली आणि बसले.

मारामारी होईल असं मला वाटलं. गावाने त्याहून सोपा मार्ग काढला. सरपंच उठले, मग बाकीचे पंच, मग त्यांच्यामागची सगळी प्रतिष्ठा. आणि सारे धोतर सावरत पडद्यापलीकडे गेले. तिकडचा महारपुरा इकडे येऊन ऐसपैस बसला. समानतेवरचं दुसरं रीळ गावातल्या थोरामोठ्यांनी उलटं पाहिलं.

"ते तिकडे का गेले?" पाहुण्याने मला विचारलं.

"त्यांना तिकडून चांगलं दिसतं," मी इंग्रजीत सांगितलं. भाषांतराचा अधिकाऱ्यांचा कित्ता तेवढा एकदा गिरवला.

पुढच्या बैठकीला पंचायतीत एकही खुर्ची नव्हती. सतरंजी अंथरलेली. भारतीय बैठकच खरी, असा सरपंचांना अचानक साक्षात्कार झाला होता. सगळे पंच मांडी घालून बसले.

सगळ्यांत शेवटी महारपुऱ्याचे पंच आले. डोक्यावर घरची सागवानी खुर्ची. ती त्यांनी सतरंजीच्या मधोमध ठेवली, बसले आणि म्हणाले, "हं, करा सुरू. विहिरीचं काम कोनाले देल्लं म्हंता?"