आधी मला विचारा

कंपनीत तिला सगळे ताईच म्हणत. मालक तिच्याहून वयाने मोठा, पण तोही ताईच म्हणायचा. सायकलच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत कंपनी सुरू झाली तेव्हापासून ती तिथे होती. औषधांच्या दुकानांसाठी ते सॉफ्टवेअर बनवत: कोणतं औषध किती उरलं, कोणतं कधी कालबाह्य होणार, ते सांगणारं. ताई दुकानदारांचे फोन घ्यायची, त्यांची बोलणी खायची आणि पुन्हा गोड बोलून त्यांना शिकवायची. आता कंपनीने तीन मजले व्यापले होते, आणि लिफ्टमध्ये भेटणारे निम्मे चेहरे तिच्या ओळखीचे नव्हते.

एकदा मालकाने तिला बोलावून घेतलं. “ताई, माणसं तिप्पट केली आणि काम निम्म्यावर आलं. पूर्वी दुकानदाराने सकाळी मागितलेलं आपण संध्याकाळी द्यायचो. आता महिना महिना नुसतं ‘बघतोय, बघतोय’. घोडं कुठे अडतंय, जरा बघ. तुला सांगतील ते.”

मास्तरांना जाऊन तेव्हा सहा महिने झाले होते. त्या दोघांपैकी कुणीच तो विषय काढला नाही.

मास्तर म्हणजे कंपनीचे पहिले प्रोग्रॅमर. कुणाला काहीही सांगताना फळ्यापाशी उभे राहायचे, म्हणून मास्तर. चष्मा कपाळावर चढवून तोच चष्मा सगळ्या टेबलांवर शोधायचे. सॉफ्टवेअरचा गाभा एकट्या त्यांच्या हातचा. एका सकाळी ते ऑफिसच्या जिन्यात दम खायला म्हणून बसले, ते उठलेच नाहीत.

ताई प्रोग्रॅमर लोकांच्या मजल्यावर खुर्ची टाकून बसू लागली. कुणाला काही विचारायची नाही, फक्त बघायची. मुलं आळशी नव्हती, उलट मान मोडून काम करत होती. पण प्रत्येक काम एका ठिकाणापर्यंत धावत जायचं आणि तिथे बसकण मारायचं. सुट्या गोळ्यांची मोजणी नीट व्हावी, एवढीच एका दुकानदाराची मागणी. ती चौघांच्या हातांतून फिरली, परत आली, पुन्हा फिरली.

शेवटी तिने एका मुलीला धरलं. तिच्या गळ्यात कायम मोठे हेडफोन असत, त्यामुळे तिचं नावच हेडफोन पडलं होतं.

“खरं सांगू का ताई? सरळ रस्ता मास्तरांच्या कोडमधून जातो. तिथे कुणी जात नाही. आम्ही वळसा घालतो. मग वळशाला वळसा.”

“का? कुणी मनाई केली आहे?”

हेडफोनने स्क्रीन तिच्याकडे वळवली. कोडच्या ओळींमध्ये जागोजागी मास्तरांनी लिहून ठेवलं होतं: इथे हात लावण्याआधी मला विचारा.

“आता कुणाला विचारायचं?” मुलगी हळूच म्हणाली.

ताईला वाचताना ते शब्द ऐकूही आले, त्याच ठसक्यात, शेवटी तो बारीकसा खोकला. तिने मान वळवून मागे पाहिलं. मागे पाणी प्यायची जागा होती, आणि तिथे कुणी नव्हतं.

त्या दिवसापासून तिच्या लक्षात येऊ लागलं. मीटिंगमध्ये काही ठरायची वेळ आली की सगळे क्षणभर गप्प व्हायचे. कुणीतरी ‘चालेल’ म्हणण्याची वाट बघत असल्यासारखे. जे मास्तरांना कधी भेटलेही नव्हते, तेसुद्धा. जुन्यांकडून ही सवय नव्यांना लागली होती, आणि आपण कशासाठी थांबतोय हे त्यांना ठाऊकही नव्हतं. ताईही थांबायची.

आणि मग एका भर दुपारी तो प्रकार घडला. ऑफिसच्या चॅटमध्ये जो कामावर असेल त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका दिसायचा. मास्तरांचं नाव यादीतून काढणं सगळ्यांच्याच जिवावर आलं होतं, त्यामुळे ते तसंच राखाडी पडून होतं. जेवणं होऊन सगळे जागेवर बसले, आणि तो ठिपका हिरवा झाला.

आधी एकाला दिसला. मग मजल्यावरचे कीबोर्ड एकेक करून थांबले. कुणी हसलं नाही. हेडफोन उठून उभी राहिली आणि तिला पुन्हा बसता येईना. ठिपका बराच वेळ तसाच राहिला, कुणी पलीकडे बसून वाचत असावं तसा. मग विझला.

ताई पर्स उचलून थेट मास्तरांच्या घरी गेली.

मास्तरांच्या पत्नीने, वहिनींनी, दार उघडलं. आत जेवणाच्या टेबलावर मास्तरांचा लॅपटॉप उघडा होता.

“तुम्हीच उघडला होता का, वहिनी?”

“हो. म्हटलं, त्यात काही फोटो असतील आमचे. एकही नाही हो. सगळं तुमचंच.” त्या खुर्ची ओढून बसल्या. “का? काही बिघडलं का माझ्याकडून?”

“नाही. ऑफिसमध्ये त्यांचं नाव हिरवं दिसलं. मुलं घाबरली.”

वहिनींनी लॅपटॉप मिटला. मग म्हणाल्या, “म्हणजे तुमच्याकडे ते अजून कामाला आहेत.” आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. “घेऊन जा हा. घरात असला की मला वाटत राहतं, आतलं आटोपून येतीलच जेवायला.”

ताईने लॅपटॉप नेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सगळ्यांना उभं केलं. काम फिरवायची पद्धत बंद, ती म्हणाली. चौघाचौघांचा गट, आणि घेतलेलं काम त्याच गटाने सुरुवातीपासून शेवटपर्यंत न्यायचं. वाटेत मास्तरांचा कोड आला तर त्यात शिरायचं.

“आणि बिघडलं तर?” कुणीतरी विचारलं.

“तर दुकानदारांच्या शिव्या मी खाईन. त्याची मला सवय आहे.”

थोडं हसू पसरलं. मग ती मास्तरांची पहिली सूचना पुसायला बसली, आणि बोट चालेना. हेडफोनने कीबोर्ड आपल्याकडे ओढून घेतला आणि ओळ पुसली. सगळे कान टवकारून उभे होते. काहीच झालं नाही. दिवे चालू, पंखे चालू. ते काहीच न होणं ताईला सोसेना, ती जिन्यात जाऊन उभी राहिली.

पुढे बिघडलंही. एका दुकानात खोकल्याच्या औषधाचा साठा उणे दिसू लागला, ताईने शिव्या खाल्ल्या, मुलांनी तासाभरात दुरुस्त केलं. हळूहळू हात मोकळे झाले. सुट्या गोळ्या मार्गी लागल्या, अडून पडलेली कामं धडाधड सुटू लागली. मालकाचा जीव भांड्यात पडला. मीटिंगमधलं ते थांबणंही गेलं. फक्त ताईचं गेलं नाही. सगळे भराभर ‘ठरलं’ म्हणून उठायचे, आणि ती एकटीच अजून कुणाच्या तरी बोलण्याची वाट बघत असायची.

मग वहिनींचा फोन आला. मास्तरांच्या नावाच्या काही कागदांचं विचारायचं होतं. ते झाल्यावर त्या म्हणाल्या, “काम चाललंय का हो तुमचं? ते असताना चालायचं तसं?”

“चाललंय, वहिनी.”

“त्यांच्यासारखंच?”

ताईने खोटं बोलायचा विचार केला, पण जमेना. “त्यांच्यापेक्षा भरभर.”

पलीकडे भांड्याचा आवाज झाला. वहिनी म्हणाल्या, “बरं झालं,” आणि फोन ठेवला. ताई रिसीव्हर कानाला लावून तशीच बसून राहिली. वहिनींना खरंच बरं वाटलं की नाही, हे तिला त्यांच्या आवाजावरून काही केल्या कळेना.