फोटोवाल्याची टिचकी

अमरावतीच्या दवाखान्यात छातीचे फोटो काढणाऱ्या माणसाच्या मी थोबाडीत मारली, आणि चूक माझी होती.

त्या दवाखान्याच्या स्वयंपाकघरात मी रोज भाजी पोचवत असे. "वांग्याचा फोटो काढू काय, भाऊ? आत अळी असन," असं तो फोटोवाला वाटेत भेटला की हळूच म्हणायचा. लेकरू समोर असलं की मात्र बोलता बोलता थांबून त्याच्या श्वासाकडे पाहत राहायचा.

माझी दोन वर्षांची पोर धापा टाकू लागली, तेव्हा त्यानं तिला यंत्रापुढे बसवून पट्ट्यानं बांधलं आणि तळपायावर टिचकी मारली. ती किंचाळली अन् माझा हात उठला. त्या धक्क्यानं त्याच्या हातातली यंत्राची कळ अवेळी दाबली गेली अन् फोटो बिघडला.

"श्वास रोक म्हटलेलं इतक्या लेकराले समजते काय?" गालही न चोळता तो म्हणाला. "रडतानाच ते छाती भरून घेते. आता पुन्हा रडवा लागन तिले. हात धरा."

मी धरले. फोटोत श्वासनळीत अडकलेलं पितळी बटण दिसलं. ते माझ्याच सदऱ्याचं होतं.

नागपूरला ते काढलं, पोर वाचली. तरी कित्येक दिवस मी त्याला टाळलं. शेवटी त्याच्या खोलीत जाऊन म्हणालो, "भाऊ, तुमच्यावर हात उचलला, अन् पोर वाचल्यावर तोंड लपवलं. दोन्हीची माफी मांगून राहिलो."