उसन्या अस्तराची पापणी

माझ्या डाव्या डोळ्याच्या खालच्या पापणीवर गाठ आली, तेव्हा सासूबाईंनी बघताक्षणी निकाल दिला, रांजणवाडी! सासूला आम्ही आत्या म्हणतो. रांजणवाडीवर आत्यांचा एकच इलाज. बोटातली सोन्याची अंगठी तळहातावर घासून गरम करायची आणि गाठीला टेकवायची. अख्ख्या गल्लीच्या रांजणवाड्या त्यांनी अशाच उतरवल्या होत्या. माझी मात्र चार महिने झाले तरी हलेना. उलट तिथले पापणीचे केस गळाले. मी मुखेडात ब्लाऊज शिवते. सुईत दोरा ओवताना डोळ्याला धार लागायची, तरी रोज सकाळी मुकाट्यानं डोळा पुढं करायची. आम्ही दोघी सारख्याच शहाण्या.

शेवटी नवऱ्यानं एसटीत बसवून लातूरला नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी गाठीचा तुकडा तपासायला पाठवला आणि पापणीचा कॅन्सर निघाला. माझं धाबंच दणाणलं. डोळा गेला तर मशीनवर कशी बसू, एवढं एकच डोक्यात.

"गाठ कापू. कडा साफ, कॅन्सर उरला नाही, असा रिपोर्ट आला की नवी पापणी करू," बाई म्हणाल्या. "आतलं अस्तर वरच्या पापणीतून, तिला जोडलेलंच ठेवून, खाली ओढून घेऊ, बाहेरची कातडी कानामागून. ते जीव धरेपर्यंत डोळा सहा आठवडे बंद राहील."

हे ऐकून मला एकदम धीर आला. कापड कमी पडलं की बाहीतलं काढून गळ्याला लावणं माझं रोजचंच काम. "अस्तराला चुणी पडू देऊ नका," मी बजावलं. बाई खळखळून हसल्या.

कडा साफ निघाल्या. डोळा शिवून घेऊन मी घरी आले. एका डोळ्यानं अंतराचा अंदाज येत नाही. चहा कपात कमी आणि ओट्यावर जास्त पडायचा, सुईची तर बातच सोडा. नवरा गल्लीभर सांगायचा, "महिना झाला, बायको मला डोळा मारून राहिली!" सगळे हसायचे, आत्या सोडून.

त्यांनी अंगठी काढून तांदळाच्या डब्यात खुपसली होती. "माझ्याच हातानं झालं," म्हणून माझ्यासमोर बसायच्याही नाहीत. अंगठीनं कॅन्सर होत नाही, फक्त उशीर झाला, असं डॉक्टरबाईंनीच सांगितलंय, हे मी दहादा म्हटलं. उपयोग शून्य. मला त्यांचा रागही यायचा आणि त्यांच्यासाठी जीवही तुटायचा.

सहा आठवड्यांनी बाईंनी दोन पापण्यांमधला जोड कापला. आधी सगळं धूसर, मग खिडकी दिसली, मग बाईंचा चष्मा. नव्या पापणीला केस नाहीत, बाकी शिलाई फस्क्लास.

घरी आले ती थेट तांदळाच्या डब्यात हात घातला.

"आता न्हाई लावायची मी कुणाच्या डोळ्याला," आत्या मागं सरकल्या.

"लावू नका. बोटात घाला."

त्यांनी हात पुढं केला. मी दोन्ही डोळे उघडे ठेवून नेम धरला आणि अंगठी पहिल्याच खेपेला बोटात गेली.